सोळा हाका

मांडवीच्या या अंगाला मी, दिवाडीत.
त्या अंगाला, तीन डोंगर सोडून, ढवळीला
दूध सोसायटीच्या जिन्याखालची खोली.
खोलीत तीन मशीनं, एक एसी, एक पाल,
आणि दाराबाहेर स्टुलावर कायतान.

वीज खात्याची चिठ्ठी: रात्री दोन ते चार लाईन दुरुस्ती.
युपीएसची बॅटरी म्हातारी, वीस मिनिटं म्हणते, बारा टिकते.
सव्वा वाजलाय. शेवटची फेरीबोट केव्हाच धक्क्याला लागली.
म्हणजे जे करायचं ते इथूनच,
आणि चुकलं तर सकाळपर्यंत चुकलेलंच.

दोन वर्षांपूर्वी चुकलं होतं.
दोन खिडक्या उघड्या, दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्याच,
आणि मी उठवायच्या ऐवजी निजवलं,
तेही भलत्यालाच.
पहिल्या फेरीत मासळीच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी उभी राहून
बावीस गावांचं दूध मोजत होते मनातल्या मनात.
कायतान कुलूप काढताना काही बोलला नाही.
तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आधी विचारते: तू कोण?
ते नाव सांगतं. मी मोठ्यानं वाचते.
मग विचारते: आत कोण आहे?

आज आत एकजण. सावर्डेकर, हिशेबनीस,
सातलाच घरी गेलेले, खिडकी उघडी टाकून.
त्यांच्या पडद्यावर अर्धी ओळ:
पर्ये, भागीरथी गावस, सहा लिटर, फॅट
आणि पुढे काहीच नाही.
ओळ मी वहीत उतरवून घेतली.
'दहा मिनिटांत बंद होईल, काम जपून ठेवा'
असा निरोप धाडला रिकाम्या खुर्चीला
आणि तरीही दहा मिनिटं थांबले.

मग क्रमानं.
आधी दाराशी बसून नोंद घेणारा.
मग हिशेब करणारा.
मग वही सांभाळणारा, त्याला घाई चालत नाही,
हातातलं पान पुरं करून, शाई वाळू देऊनच तो उठतो.
सगळ्यात शेवटी ज्याच्या पाठीवर हे सारे बसले होते तो.

एकीला मात्र जागं ठेवलंय.
काडेपेटीएवढी डबी, राउटरशेजारी,
कायतानच्या पंख्याच्या इन्व्हर्टरवर.
तिला दुसरं काही येत नाही. हाक मारता येते.

दोनला दोन कमी. फोन.
"बाय, लायट गेली."
"जाऊ दे. आत सगळे झोपलेत."
"मग आतां तूंय न्हिद."

झोप कसली.
या बेटावरचा देव एकदा नदीपलीकडे नेला, नार्व्याला,
हे शाळेत असल्यापासून ऐकत आले.
आज पहिल्यांदा वाटलं, निघताना आधी काय थांबवलं असेल?
घंटा? नैवेद्य?
समई कुणी शांत केली, आणि कितव्यांदा मागे वळून पाहिलं?
आई दिवा विझवला म्हणत नाही. शांत केला म्हणते.
मशीनला हा शब्द कुणी शिकवला नाही.

चार वाजून दहा. लाईट आली.
लगेच उठवायचं नाही. नव्यानं आलेली वीज
थोडा वेळ चुळबुळते, ती बसली की मग.
डबीला सांगितलं. तिनं हाक मारली:
झोपलेल्याचं नाव, त्याचंच, सोळा वेळा,
मध्ये श्वास न घेता.
पंधरा वेळा मारलेली त्याला ऐकू येत नाही.

उत्तर नाही.
उत्तर नाही.
"कायतान, दाराला कान लाव रे. पंखा वाजतोय?"
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
"वाजता, बाय."

मग उलट्या क्रमानं,
वही, हिशेब, दार.

पाच दहाला पहिली नोंद पडली:
पर्ये, भागीरथी गावस, पाच लिटर आठशे, फॅट चार पूर्णांक एक.
काल संध्याकाळचं फॅट सावर्डेकरांनाच ठाऊक.
वहीत तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.